सुभेदाराच्या जावयाची कट्यार

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नवरीकडं बघत नाही. सगळ्या फोटोंत मी स्वतःच्याच उजव्या हातावर नजर ठेवून उभा आहे. अल्बम चाळणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हाताला काय झालं हुतं वो?" आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगत बसतो. सांगून सांगून दमलो. घरचे तर मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात (तेवढंच माझं काम हलकं होतं). म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं आणि सुटावं.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला. तिकडं पाऊस येतो, पण रस्ता विचारायला. उन्हाळ्यात आमच्याकडं पाहुण्याला तांब्याभर पाणी दिलं, तर सोयरीक पक्की झाली असं समजून तो कपाळ पुढं करतो! आणि मुलगी सांगून आली ती थेट सोनईकडची. कालव्याखालची, उसातली. कालव्याकडची माणसं कोरडवाहू गावात सहसा मुलगी देत नाहीत. मी नगरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होतो, एवढ्याच आशेवर गाडी पुढं सरकली होती. त्यातही मुलीचे मामा आडवे पडलेले. "पोरगी देताय का टँकरमागं पळायला धाडताय?" असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते.

मुलीचे वडील मिलिटरीतून निवृत्त झालेले सुभेदार. बोलणं कमी, मिशी जास्त. पसंतीच्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"वेळप्रसंग आला तर काय कराल?"

"येऊ दे की," मी म्हणालो.

"येऊ दे न्हाई. तयारी पायजे. कायम."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. होकार मिळाला, पण ते 'कायम' माझ्या डोक्यात खिळ्यासारखं रुतून बसलं. नगरला परत आलो आणि पहिल्या सुट्टीला कॅम्पाकडच्या रस्त्यावर एका फिरत्या विक्रेत्याकडून मिलिटरीचा चाकू विकत घेतला.

चाकू कसला, खिशातली फौजच ती! हिरव्या-करड्या चट्ट्यापट्ट्यांची मूठ. झाडीत पडला तर शत्रूला दिसू नये म्हणून तो रंग, असं विक्रेता म्हणाला. (आमच्या गावात झाडीच नसल्यानं तो फर्लांगभरावरून दिसायचा.) पात्यावर पंख पसरलेला गरुड. पाठीला पट्टा कापायचा आकडा, बुडाला काच फोडायचं टोक. आणि पात्याच्या मुळाशी एक बारीक खुंटी. ती अंगठ्यानं नुसती जराशी ढकलायची, बाकीचं काम आतली स्प्रिंग करायची. खटाक! पातं बाहेर. मिटवायचं तर मुठीच्या आतली पितळी पट्टी बाजूला सारायची. मी तो ऐटीत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाखवला.

"ह्या आकड्याचं काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

"गाडी पाण्यात पडली तर सीटचा पट्टा कापायचा. आन् ह्या टोकानं काच फोडून भाईर यायचं."

"आपल्याकडं गाडी हाय का?"

"न्हाई."

"पानी?"

मी चाकू मिटवायला गेलो. तो मिटला, पण माझं बोट आत ठेवून. ही त्याची पहिली सलामी.

आता खरी गंमत. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. नजर लागू नये, काही बाधू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ते लोखंड हातातून खाली ठेवायचं नाही. आमच्या सगळ्या भावकीत मिळून कट्यार एकच, आणि लग्नाची तिथ दाट असल्यामुळं ती आदल्या दिवशीच दुसऱ्या नवरदेवाबरोबर निघून गेली होती. द्वारकाआत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, कमरेचा अडकित्ता काढून माझ्या हातात ठेवला.

"घे. लोखंड ते लोखंड."

इथं मी माती खाल्ली. सुभेदाराचा जावई अडकित्ता घेऊन बोहल्यावर चढणार? सुपारी फोडायला चाललोय का मी? मी खिशातून चाकू काढला, हात लांब केला आणि खुंटी ढकलली. खटाक! हळद दळणाऱ्या बायका जात्यासकट मागं सरकल्या.

"आगं बया!" आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "ह्यो चावतो का काय?"

"मिलिटरीचा हाय, आत्या."

"मंग ह्याला लढाईवर धाड. लग्नात कशाला?"

पण नवरदेवाचं त्या दिवशी सगळे ऐकतात. (तेवढाच एक दिवस ऐकतात.) आत्यानं टोकाला लिंबू खोचलं, बायकांनी मला तेलाहळदीनं माखलं, आणि मी चाकू सरळ धरून पाटावर बसलो. तेल माझ्या दंडावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर आणि मनगटावरून मुठीच्या आत त्या पितळी पट्टीपर्यंत कधी पोचलं, मला कळलं नाही. मला कळलं ते लिंबू उडाल्यावर!

झालं असं, की तेलानं पट्टी सटकू लागली. पातं लिंबाच्या भारानं हळूच आत वाकायचं, निम्म्यात आलं की स्प्रिंगला जाग यायची आणि ती त्याला खाडकन परत बाहेर फेकायची. पातं जागेवर, लिंबू रवाना. साधा चाकू नव्हता तो, गोफण होती! पहिलं लिंबू उतरंडीवर बसलं. मी ते उचलायला वाकलो तर आत्या किंचाळली.

"आरं हात लावू नगं! लागलेली नजर त्यात उतरलीया. नवं खोचायला पायजे."

झालं. म्हणजे जितक्या वेळा लिंबू उडणार, तितक्या वेळा नवं. आत्यानं पिशवीभर लिंबं बरोबर घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वऱ्हाडासह सोनईच्या वाटेला लागलो. मी जीपमध्ये पुढच्या सीटवर. रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला एक लिंबू. एक ड्रायव्हरच्या कानावर, एक टपावर, एक खिडकीतून थेट एका सायकलस्वाराच्या पाठीत. नगर ओलांडेपर्यंत माझा दंड भरून आला होता, अंगठा सुजून गाजराएवढा झाला होता, आणि आत्या मागून न थकता एकेक लिंबू पुढं देत होती, तोफखान्यात गोळे द्यावेत तशी.

"आशक्या, नीट धर की रं!"

"धरलाय की नीट! त्यो मला धरत न्हाई!"

सोनईकडचं ते गाव आलं. हिरवंगार. मारुतीच्या देवळापाशी सुभेदार कोट घालून, छातीवर पदकं लावून सामोरे उभे. शेजारी मामा. सुभेदार कुंकवाचं बोट घेऊन माझ्या कपाळाकडं वाकले. मी श्वास रोखला. बाकी काही रोखता आलं नाही. खटाक! लिंबू त्यांच्या पदकांवर आदळून खाली पडलं. दोन लढाया पाहिलेला माणूस. जागचा हलला नाही. त्यांनी शांतपणे लिंबू उचललं.

"जावईबापू, तुमचं कायतरी पडलं."

"घिऊ नगंस!" आत्या पाठीमागून ओरडली.

मामांचा तोल गेला. "हितं सरबताला लिंबू मिळंना आन् ह्यो पाव्हणा फेकीत सुटलाय! दाजी, मी तुमाला आधीच सांगितलं हुतं."

सुभेदारांनी आधी चाकूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघांत जास्त निकामी कोण, याचा ते अंदाज घेत असावेत.

जानवसघरी आत्यानं पिशवी उलटी केली. शेवटचं लिंबू. "आता ह्ये उडालं तर तू बिनलिंबाचा," ती म्हणाली आणि हळदीच्या दोऱ्यानं तिनं ते पात्याला करकचून बांधलं. मग तिला आणखी सुचलं. उरलेल्या दोऱ्यानं तिनं चाकूची मूठच माझ्या मुठीला बांधली, वर सात गाठी मारल्या. "आता कुटं जातो बघू!"

तो कुठं गेला नाही. तीच तर पंचाईत झाली! लिंबू आता उडत नव्हतं. ते पात्याबरोबर आत यायचं, माझ्या बोटांवर दणका घालायचं आणि परत बाहेर जायचं. तशा अवस्थेत मी बोहल्यावर उभा राहिलो. हार डाव्या हातात, उजव्या हातात स्वतःलाच बडवणारी मोगरी. समोर अंतरपाट, पलीकडं नवरी, वैशाली. एका बाजूनं अंतरपाट मामांनी धरलेला. बघत माझ्याकडं होते.

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते 'सावधान' म्हणत होते. माणूस इतक्या तळमळीनं सांगतोय तर ऐकायला पाहिजे होतं मी. पण अंगात त्राण नव्हतं. ऊन, फेटा, आदल्या दिवसापासून आखडलेला हात. माझी मान जरा कलली असेल नसेल, एवढ्यात कुणीतरी अक्षता नेम धरून माझ्या डोळ्यात मारल्या. मी दचकलो, हात वर गेला, आणि—

खटाक! चर्रर्र!

अंतरपाट मधोमध उभा फाटला. मामा जिवाच्या आकांतानं ओरडले, "आरं, आरं, आरं!" मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या बँडवाल्यांना ती इशारत वाटली. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणून फटाके लागले. फटाके लागले म्हणून लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम उधळल्या, आणि अक्षता संपल्या म्हणून अख्खा मांडव उठून पंगतीला पळाला! भटजी "थांबा, अजून एक हाय!" म्हणत राहिले, पण वाढपी भाताची पाटी घेऊन निघाला की कोरडवाहू काय आणि बागायती काय, कुणी थांबत नाही.

बोहल्यावर उरलो आम्ही सात-आठजण, आणि एक फाटका अंतरपाट.

"लगीन लागलंच न्हाई!" मामा गरजले. "मुहूर्ताच्या आदी अंतरपाट फाटला. ह्याच्यापरीस मोठा अपशकुन काय असतो? उचला पोरगी! न्हाईतरी त्या वाळवंटात द्यायचीच न्हवती."

अण्णा हात जोडून पुढं झाले. "आवो, चुकून झालं. पोरगं गरीब हाय."

"गरीब? चाकू घिऊन आलंय बोहल्यावर!"

माझ्या हाताला चाकू बांधलेला, त्यामुळं हात जोडायची सोय नव्हती. जोडायला गेलो तर मामा आणखी दोन पावलं मागं सरले. तेवढ्यात अंतरपाटाच्या फटीतून एक डोळा दिसला. काजळ घातलेला, अगदी कोरडा. तोवर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

"दुखतंय का?" फटीतून आवाज आला.

"लई," मी म्हणालो.

"मंग सोडा की त्यो."

"सुटंना. आत्यानं बांधलाय."

पलीकडून खुसकन आवाज आला. रडल्याचा का हसल्याचा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

सगळे सुभेदारांकडं बघायला लागले. ते शांतपणे माझ्यापाशी आले. माझा हात हातात घेतला. गाठी बघितल्या. गाजराएवढा अंगठा बघितला, बोटांना बांधलेल्या चिंध्या बघितल्या, गालावर लिंबाचा रस सुकून पांढरा झाला होता तो बघितला. मग कोट झटकला आणि मामांकडं वळले.

"हितं आल्यापास्नं ह्या चाकूनं कुणाला लागलंय का?"

"न्हाई," मामा नाइलाजानं म्हणाले.

"कुणालाच न्हाई?"

"ह्याला सोडून न्हाई."

"मंग झालं तर!" सुभेदार म्हणाले. "मी सगळी नोकरी हत्यारं धरलेली माणसं बघण्यात काढली. ह्या मानसापास्नं आपल्या पोरीला आयुष्यात कसलाच धोका न्हाई. जो काय धोका हाय त्यो ह्याचा ह्यालाच हाय. भटजी, राहिलेलं म्हणा!"

अंतरपाटामागून लगेच आवाज आला, "लवकर म्हणा. पंगतीत भात संपंल."

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक एका दमात म्हटलं. अक्षता नव्हत्याच, आत्यानं जमिनीवरच्या गोळा करून, फुंकून, आम्हां दोघांच्या डोक्यावर टाकल्या. लग्न लागलं. आत्याच्या सात गाठी सुटेनात, तेव्हा चाकूच्याच पाठीवरल्या त्या पट्टा कापायच्या आकड्यानं वैशालीनं माझा हात सोडवला. विक्रेत्यानं सांगितलेलं तेवढं एक खरं निघालं: संकटात अडकलेला माणूस त्यानं मोकळा होतो!

मामा पंगतीत माझ्या शेजारीच बसले, अगदी खेटून. भीती म्हणून राहिलीच नव्हती त्यांना. तेव्हापासून सासरचं कुणीच मला भीत नाही. लहान पोरं अंगावर चढतात, कुत्रं पायाशी झोपतं, आणि काही कापायचं, फोडायचं, उघडायचं निघालं की सगळं घर एका सुरात ओरडतं, "तुमी बसा!" लोकांना वाटतं, काय हा जावयाचा मान!