डाव्या बाजूचं तेल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. कोणाच्या हाती ही वही लागली तर माफ करावं.

फरीदाबादला नव्या सोसायट्या उठत होत्या, ह्यांच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली होती, त्या वर्षी ह्यांच्या छातीत डाव्या बाजूला पाणी झालं. दिल्लीच्या इस्पितळात पाठीतून जाड सुई घालून ते काढलं. खर्चाला पानिपतच्या जाऊबाईंकडून पैसे आणले. ह्यांनी सुईचा धसकाच घेतला. पुन्हा टोचलं तर उठून घरी जाईन, म्हणत.

पाणी परत भरतंय का, ते बघायला मूळच्या नागपूरच्या एक मॅडम रोज वॉर्डात नवं यंत्र घेऊन येत. छातीभोवती सोळा चकत्या चिकटवायच्या आणि कळणारही नाही इतकी वीज सोडायची. हवा विजेला अडवते, पाणी जाऊ देतं. त्या आकड्यांवरून संगणक आतलं चित्र काढतो, असं त्यांनी मला समजावलं.

"लग्नात एवढ्या मुंडावळ्या नव्हत्या," हे हळूच मला म्हणाले.

चौथ्या दिवशी चित्रात डावी बाजू बिघडलेली आली. मोठ्या डॉक्टरांना बोलावते, पुन्हा सुई लागेलसं दिसतं, मॅडम म्हणाल्या. हे उठून बसायला लागले.

सकाळी ह्यांची डावी बरगडी दुखत होती, म्हणून मी कापूर घातलेलं खोबरेल चोळलं होतं. सिस्टरने तेलाला मनाई केली होती, तेव्हा पदराने पुसून टाकलं आणि गप्प बसले. परक्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मॅडम दारापर्यंत गेल्या तेव्हा कशीबशी उठले.

"मॅडम, मी तेल लावलंय. डाव्या बाजूला."

त्या परत आल्या. एक चकती ओढली, ती अलगद निघाली; तेलामुळे नीट चिकटलीच नव्हती.

"ताई, आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी साबणाने ह्यांची डावी बरगडी धुतली, कोरडी केली. नव्या चित्रात दोन्ही बाजू श्वासागणिक उजळत होत्या. डॉक्टरांनी तरी एक्स-रे काढला. पाणी नव्हतं. सुई टळली.

दोन महिन्यांनी हे कामावर गेले. जिना चढताना मध्येच थांबत. मीही मागे थांबे, विचारत नसे. दर पगाराला थोडे थोडे करत होळीच्या आधी जाऊबाईंचे सगळे पैसे फिटले.