कबुलीचा कागद

शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं की त्या वासासरशी कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधली एक संध्याकाळ माझ्यासमोर उभी राहते. मोठ्या भावाच्या स्कूटरच्या डिकीत पोलिसांना गांजाची पुडी सापडली होती. ती मित्राने ठेवली होती, असं तो रडून सांगत होता. कारखान्यातून त्याच्या नोकरीचं पत्र यायचं होतं. बाबांचा जन्म त्याच कारखान्यात गेला होता आणि तिथे चूक झाली की माफीनामा लिहून द्यायचा, मग साहेब ताकीद देऊन फाइल बंद करायचे. “वाद घालू नकोस, कबूल करून टाक, दंडावर सुटशील,” बाबा म्हणाले. तिथलं कोर्ट हिंदीत चालायचं, म्हणून कोर्टात द्यायचा कागद त्यांनी हिंदीतून सांगितला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिला. बाहेर सुटीचा भोंगा वाजला, पण आई दिवा लावायचं विसरली. शिक्षा दंडाचीच झाली. मात्र पाठोपाठ कारखान्याने कळवलं, गुन्हा शाबीत झालेल्याला नोकरी नाही. अपील करायचं म्हणून आम्ही जवाहर चौकातल्या वकिलांकडे गेलो. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. “जुर्म खुद कबूल किया है. अब अपील में सिर्फ सजा की बात होगी, जुर्म की नहीं.” बाबा पुटपुटले, “पर साहब, हमने तो माफी मांगी थी.” वकिलांनी विचारलं, “लिखा किसने?” भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. “लिखावट बहुत सुंदर है, बेटी,” ते म्हणाले. आजही कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मी कागद पालथा ठेवते.