भोपीकाकांची तिवरं

सौदीत, रास तनुराच्या दक्षिणेला, खाडीच्या काठाने आमच्या कंपनीने दीड किलोमीटरची पायवाट बांधली. आधी घाफ या वाळवंटी झाडाची आणि बाभळीची नवी लागवड, मग बरसीमच्या चाऱ्याची दोन शेतं, पुढे लव्हाळ्यांचं पाणथळ आणि शेवटी तिवरांची खाजण. चालायला पंचवीस मिनिटं लागतात. वाटेवर अकरा फलक आहेत. अकराव्यावर लिहिलंय की हे जंगल श्वास घेतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्याच फलकासमोर तुकाराम भोपी मला म्हणाले, "वाच गो, मोठ्यानं वाच. मुस्तफाला ऐकू जाऊ दे."

मुस्तफा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. तो पुढे उभा राहून गुरुवारच्या उद्घाटनासाठी तंबूची जागा मोजत होता. फलकामागे भोपीकाकांनी दोन वर्षांपूर्वी लावलेली चार हजार दोनशे रोपं पिवळी पडली होती. खालचा चिखल सुकून त्यावर मीठ फुटलं होतं. रोपं दिसू नयेत म्हणून मुस्तफाने कडेला वीस कुंड्या आणून ठेवल्या होत्या.

भोपीकाका पेणच्या खारेपाटातले. गावच्या खारबंदिस्तीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. उघाडी म्हणजे बांधातलं दार. तिची झडप दर्याच्या अंगाला असते: भरतीचं पाणी आलं की आपोआप मिटते आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. काका चोवीस वर्षांचे असताना उधाणात बांधाला खांड पडली, दर्या आत आला आणि पाच वर्षांत भातशेताची खाजण झाली. तिवरं माजली. मग सरकारी माणूस आला आणि म्हणाला, आता हे वन आहे, फांदी तोडाल तर गुन्हा. काका पाइप फिटर होऊन इकडे आले. सत्तावीस वर्षं त्यांनी कंत्राटदारांकडे तेलाचे पाइप जोडले. गुडघे गेल्यावर त्यांना 'हरित विभागात' टाकलं आणि हातात तिवराची रोपं दिली.

"बायजाबाईला फोनवर सांगितलं तर हसून हसून मेली," ते मला पहिल्याच आठवड्यात बायकोबद्दल म्हणाले होते. "म्हणते, ज्यानं आपलं शेत खाल्लं त्याची पोरं सांभाळताय व्हय!"

पण सांभाळली. उन्हाळ्यात पहाटे चारला कामगारांच्या कॅम्पवरून यायचे. उंट शिरला की शिव्या देत धावायचे. मेलेलं रोप उपटून जागच्या जागी नवं लावायचे, मुकादमाला न सांगता.

आता चूक कुठे झाली ते सांगते. पायवाट या उन्हाळ्यातच घातलेल्या बांधावरून जाते. बांधाखालून तीन पाइप आत येतात. इथे झडपा आतल्या अंगाला हव्या होत्या, म्हणजे भरतीचं पाणी आत यावं आणि ओहोटीला थोडं अडून राहावं. नकाशा मीच काढला होता. बसवायच्या दिवशी काकांनी विचारलं, "बाय, बाण उलटा पडलाय ना? झडप दर्याच्या अंगालाच असते." मी लातूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. मला वाटलं, या माणसाचा जन्म उघाडीवर गेलाय, माझाच बाण चुकला असेल. कागद तपासला नाही, खड्ड्यात वाकून बघितलं नाही. 'बरोबर बसवलं' म्हणून सही केली.

दीड महिना आम्ही दोघांनी मिळून समुद्र बाहेर ठेवला.

झडप उलटी आहे हे काकांनीच शोधलं आणि स्वतः येऊन सांगितलं. "हात गावाकडे गेला गो. डोकं इथं राहिलं." आवाजात रडणं नव्हतं, संताप होता. तीन झडपा, प्रत्येकीला चार बोल्ट. अर्ध्या दिवसाचं काम. पण झडपांचे खड्डे लाकडी फळ्यांखाली होते आणि फळ्यांवर तंबू येणार होता.

"तुकाराम, थर्सडे के बाद," मुस्तफा म्हणाला. "अभी सूखा है, साफ दिखता है. पानी आया तो कीचड, बदबू. खलास."

"साब, कल अमावस है. बडा पानी कल आएगा. ऊपर का झाड उसीपे जीता है. अगला बडा पानी पंधरा दिन बाद."

"पंधरा दिन में क्या होता है?"

"आप पंधरा दिन पानी मत पिओ. फिर बताओ."

मुस्तफा माझ्याकडे वळला. "आर्या, इनको समझाओ."

मी समजावलं नाही, पण त्याला उलट बोलले असंही नाही. वर मेल पाठवते म्हणाले. मेल पाठवला. उत्तर आलं: 'नोंद घेतली.'

सोमवारी सकाळी सातला ओहोटी होती. मी साइटवर पोचले तेव्हा चार फळ्या बाजूला पडल्या होत्या आणि काका छातीपर्यंत खड्ड्यात.

"आलीस? आता पळ. तू बघितलं नाहीस."

"पाना धरायला माणूस लागेल ना?"

"लागंल. पण तू इंजिनिअर हाईस, तुला कुठं जमतंय!"

मी उतरले. बोल्ट गंजले होते. काका प्रत्येक बोल्टला वेगळी शिवी देत होते, काही मला, काही स्वतःला, बऱ्याचशा कंपनीला. अकराच्या सुमारास तिसरी झडप निघाली. दुपारी पाइपांतून पाणी आत आलं, फेस आणि काळ्या चिखलाचा वास घेऊन. कुंड्या कलंडल्या.

मुस्तफा धावत आला. "किसने खोला?"

"मैंने," काका म्हणाले. "लगाया भी उलटा मैंनेच." मग माझ्याकडे बघून मराठीत, "तू गप."

मी गप्प राहिले नाही. माझी सही आहे, नकाशा माझा आहे, हे त्याच्या तोंडावर सांगितलं. मुस्तफाने हात झटकला, जणू मध्ये माशी आली. संध्याकाळपर्यंत निर्णय झाला: तुकाराम भोपी कामावरून बंद, कॅम्पमध्येच राहायचं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही. त्यांच्याकडून कबुलीवर अंगठा नाही, चांगली वळणदार सही घेतली. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एकाच चुकीवर दोन सह्या होत्या, आणि कंपनीला त्यातली कॅम्पमधली तेवढी दिसली.

गुरुवारी पाहुणे आले, नाकाला रुमाल लावून पंचवीस मिनिटं चालले. तेवढ्या वेळात मी तंबूमागे उभी राहून नकाशा, माझ्या सहीचा कागद, रविवारचा मेल आणि त्याचं दोन शब्दांचं उत्तर, ज्यांच्यासाठी कंपनी हे बांधत होती त्या प्रकल्पाच्या मालकांना पाठवून दिलं. मुस्तफालाही प्रत गेली.

मग काकांना फोन केला. ते भडकलेच. "तुला कुणी सांगितलं होतं? माझं वय झालं, मी जाईन. तुझी नोकरी आत्ता लागली! अक्कल हाय का गो तुला?" आणि फोन आपटला.

पाच मिनिटांनी त्यांचाच परत आला.

"पाणी कुठवर चढलं आज?"

"रोपांच्या चौथ्या रांगेपर्यंत."

"पाचवीला लागलं असणार. लांबून काय बघतेस? आत उतरून बघ."

मी बूट काढले.