इटालियन गाण्यावर लेझीम

शनिवारी सकाळी आमचा ढोलवाला हैदराबादला गेला. ढोलवाला म्हणजे सोसायटीतलाच एक इंजिनियर. ऑफिसने अचानक पाठवलं, त्याचा इलाज नव्हता. पण नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत रविवारी संध्याकाळी आम्हा मराठी बायकांची लेझीम होती, आणि ढोलाशिवाय लेझीम म्हणजे नुसता खुळखुळाट.

"रद्द करू या का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. काकू आमच्या म्होरक्या. सत्तरी उलटलेली, आणि दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. "पुढच्या वर्षी मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार आहे. यंदा खेळणार."

मग मी बाजारातून लग्नात वाजवणारा ढोलवाला आणला. वाजवला छानच बिचाऱ्याने. पण पंजाबी लग्नांचा हात तो. बघता बघता आमचे खांदे उडायला लागले, लेझमी डोक्याच्या वर गेल्या आणि एकीच्या तोंडून चक्क "बल्ले बल्ले" निघालं. इतकी वर्षं दिल्लीकडे काढल्यावर पाय कुणाचं ऐकतात?

"थांबा!" काकू ओरडल्या. "लेझीम आहे ही, की कुणाची वरात?"

"काकू, मजा येत होती यार!"

"मजा भाच्याच्या लग्नात कर."

ढोलवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. घरी आले आणि कोबी चिरायला घेतला. मुलगी कॉलेजात इटालियन शिकते. तिच्या खोलीत नेहमीचं ते जुनं पॉप गाणं चालू होतं: खरखरीत आवाजाचा गायक, गिटार आणि मागे भरघोस कोरस. आजवर त्या गाण्यावर माझं मत एवढंच होतं, की दार लावून घे. पण आज कोरस आला आणि माझा उजवा पाय पुढे गेला. मग मागे. सुरीही ठेक्यात पडायला लागली. मी सुरी टाकली आणि लेझीम उचलली.

"आई, काय करतेयस?"

"परत लाव. पहिल्यापासून."

बसलं! वाकणं, उठणं, गिरकी, सगळं चपखल बसलं. अर्धवट चिरलेला कोबी तसाच टाकून मी मुलीला घेऊन काकूंकडे पळाले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

"गणपतीपुढे इटालियन?" काकूंनी भुवया उंचावल्या. "म्हणतोय तरी काय तो?"

"आमचं खाणं बघा, आमची गाणी ऐका, आम्ही आहोत हे असे आहोत," मुलीने सांगितलं. "देशाचं कौतुक आहे, आजी."

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांचं भाषण. लाव."

ऐकताना काकूंची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. अडचण एकच निघाली. कडव्यात गाणं एकदम मंद होतं, गिटार जेमतेम ऐकू येते. "तिथे लेझीम बंद, नुसतं गोल चालायचं," काकूंनी हुकूम सोडला. "आणि खाली बसायची पावली मी गाळणार. तुम्ही करा."

रविवारी मांडव भरलेला. पहिला कोरस झणझणीत झाला. मग कडवं आलं, लेझमी गप्प झाल्या आणि लोकांना वाटलं संपलं. टाळ्या सुरू झाल्या. आम्ही चालतच राहिलो. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटींच्या ते लक्षात आलं. "अरे, अभी बाकी है!" असं म्हणत त्यांनी टाळी ठेक्यात धरली, आणि मागोमाग अख्ख्या मांडवाने. ढोल मिळाला! इतका दणदणीत, की गायक ऐकू येईना.

पुन्हा कोरस आला. सगळ्या खाली बसल्या. सगळ्यांच्या पुढे काकूही बसल्या. आणि उठल्या आमच्याबरोबरच, ठेका न चुकता, लेझीम वाजवत.

"वन्स मोअर!" मांडव ओरडला.

काकूंनी गुडघ्यावरचा पट्टा घट्ट केला, स्पीकरपाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बघितलं आणि हवेत बोट गोल फिरवलं. पहिल्यापासून.