अण्णांचा आग्रह

रिकामं पान पाहिलं की अण्णांचा जीव वरखाली व्हायचा. आळे गावातल्या कुठल्याही लग्नात ते न सांगता वाढायला उभे राहत. कुणी नको म्हणून पानावर हात धरला, तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडत. "घ्या वं पावणं, लाजताय काय?" स्वतः कधी आणि काय जेवत, देव जाणे.

असा माणूस आळेफाट्यावरच्या आमच्या खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. दोन हजार दहा उजाडायला थोडाच अवकाश होता. मी तिथे बिलं करायचो. जिन्याखालच्या खोलीत एकच दणकट मशीन होतं, आणि त्याच्या पोटात तीन मशीनं थाटलेली: एक एक्स-रेचं, एक बिलांचं, एक औषधाच्या दुकानाचं. ते बसवायला पुण्याहून आलेली इंजिनिअर मुलगी म्हणाली, याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची ते तुम्हीच बघा. झालं! अण्णांच्या हातात पळी मिळाली.

दिवसभर त्यांच्या येरझाऱ्या चालत. एखाद्या मशीनची मोकळी मेमरी संपत आलेली दिसली की कासावीस होत. "उपाशी हाय रं हे," म्हणून आणखी वाढत. मशीन तेवढीही भरून टाकी. पुन्हा वाढ! इकडे चहा निवून जाई. मी म्हणायचो, "अण्णा, जरा टेका की." ते म्हणायचे, "पंगत उठू दे."

एका दुपारी बोरी बुद्रुकचा एक माणूस ट्रॅक्टरवरून पडला म्हणून आणला. मानेला मार होता. एक्स-रे काढला, पण पडद्यावर फोटो उघडेना. बिलं अडली, औषधाचं दुकान अडलं. डॉक्टर ओरडत होते आणि त्या माणसाची बायको दाराशी उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. अण्णांनी पुण्याला त्या इंजिनिअर मुलीला फोन लावला.

"काका, मूळ मशीनला स्वतःसाठी किती मेमरी ठेवलीत?" तिनं विचारलं.

"त्याला कशाला? ते तर घरचंच हाय."

"अहो, तेच तर उपाशी मरतंय! आतली तिघं भुकेली नव्हतीच. एकदा वाचलेल्या फायली पुन्हा लागतील म्हणून ती मोकळ्या मेमरीत ठेवून देतात. गरज पडली की आपली आपण जागा करतात. काढून घ्या त्यांच्याकडून."

"वाढलेल्या पानातलं काढू?" अण्णा इतक्या हळू म्हणाले की मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"अण्णा, बाई उभी आहे दाराशी," मी म्हणालो.

मग त्यांनी औषधाचं मशीन बंद केलं, बिलांचंही केलं. दुकानवाला बोंबलत आला, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेमरी मोकळी झाली आणि फोटो उघडला. मणका शाबूत होता. अण्णा मागच्या दारी जाऊन डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवसापासून ते आधी मूळ मशीनचा वाटा बाजूला काढत आणि मग बाकीच्यांना वाढत.

पुढे दवाखान्यानं सगळं काम एका कंपनीकडे दिलं. अण्णांना म्हणाले, आता आराम करा. आराम! ते पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथून रोज फोन यायचा.

"काय अडलंय का रं?"

"नाही अण्णा, सगळं झकास चाललंय."

त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला. एकदा सूनबाईंनीच फोन घेतला. "भाऊ, अण्णा नुसते घरभर फिरतात. दोन घास खात नाहीत." मी धास्तावलो. हा माणूस असाच फिरत फिरत संपून जाईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, एक्स-रेचं मशीन फार अडलंय. याल का?"

"निघालोच!"

पहिल्या एसटीनं आले. घामाघूम होऊन थेट जिन्याखालच्या खोलीत शिरले. तिन्ही मशीनं निवांत चालली होती. त्यांनी एकेकाची मेमरी पाहिली, मूळ मशीनची पाहिली, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"काहीच अडलेलं न्हाई की रं."

मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असंच अडू दे," म्हणाले, "अधनंमधनं."