जावेचा फ्रिज

माझ्या मोबाईलचा रोजचा दीड जीबी माझी सासू खाते. खाऊ दे, त्याचं मला काही नाही. पण माझ्या नेटवर, माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पीत ती बघते कोणाला? तर माझ्या जावेला! आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

सासूचं नाव रुक्मिणी, मी त्यांना आई म्हणते, माहेर कणकवलीकडचं. सासरे गिरणीत होते आणि आई लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायच्या. बत्तीस गडी जेवायला, तेही पाळीप्रमाणे. पहाटे चारला पाट्यावर मसाल्याचं वाटप सुरू व्हायचं ते रात्रपाळीवाले जेवून जाईपर्यंत. नवरा आजारी पडला तरी चूल विझली नाही, बाळंतपणात बाराव्या दिवशी बाई पाट्यावर बसली होती. पुढे गिरणी बंद पडली, गडी गावाला पांगले, सासरे गेले आणि आई आमच्याकडे घाटकोपरला, भटवाडीत राहायला आल्या. आता गुडघे गेलेत, हात थरथरतात. जीभ मात्र शाबूत. एक घास तोंडात घालून सांगतात की खोबरं कालचं आहे.

अशा बाईच्या घरात मी थोरली सून. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत 'दर्शना, चांगलं झालंय' एवढं एक वाक्य काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. अगदीच आवडलं तर म्हणतात, "मीठ बरा पडला." झालं, संपलं कौतुक! हसायचं तर हसा, पण मला त्या एका वाक्याची हाव आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, मुलगा कॉलेजात जातो, आणि सासूच्या शाबासकीसाठी झुरते.

आता जावेचं सांगते. दिशा म्हणजे माझ्या धाकट्या दिराची, नितेशची बायको. पवईला टॉवरमध्ये राहतात. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सगळे गावी होतो, तेव्हा तिने हौसेने बांगडे केले. आईंनी एक घास घेतला आणि अख्ख्या भावकीसमोर विचारलं, "ह्या माणसांनी खावचा, का मांजरांनी?" दिशा रडायला लागली. नितेश ताटावरून उठला, बायकोला घेऊन निघाला तो निघालाच. तेव्हापासून ना फोन, ना पाऊल. पवई ते घाटकोपर बसने अर्धा तास लागतो हो! खोटं कशाला बोलू, तेव्हा मी मनातून खूश झाले होते. म्हटलं, माझं निदान मांजरांपर्यंत तरी गेलं नाही.

आणि आता त्याच दिशाने चॅनेल काढलंय, 'दिशाची चूल'. चूल म्हणे! चार बर्नरचा गॅस, वर चिमणी, मागे कपाटाएवढा दोन दारांचा फ्रिज. रोज दुपारी साडेबाराला ही बया लाईव्ह येते. "हाय हाय, कुठून कुठून बघताय, पटापट कमेंट करा!" खोबऱ्याच्या जागी पाकिटातली पावडर घालते, तरी तीनशे-चारशे माणसं बदामांवर बदाम टाकतात. मी एकदाही टाकला नाही. शपथच घेतली होती, तिच्या लाईव्हवर माझं नाव दिसणार नाही.

बारा वीस झाले की बाहेरून हाक येते, "दर्शना, जोड गो." मग मी हात पुसायचे, माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, माझ्या मुलाच्या जुन्या मोबाईलला जोडून द्यायचा आणि परत पोळ्यांना लागायचं. आई बाहेर खाटेवर, मी आत ओट्यापाशी, आणि मधल्या दारातून जावेचा किलबिलाट. एकदा पीठ चाळता चाळता डोकावले, तर आईंच्या डोळ्यांत पाणी! माझ्या आतल्या आत भडका उडाला. माझ्या कोंबडीवड्यांना कधी डोळे भरले नाहीत ते!

तरी हे सगळं मी गिळलं. पण एका सोमवारी दिशाचा आवाज आला, "आज करणार आहोत माझ्या सासूबाईंच्या खानावळीतलं बांगड्याचं तिखलं! त्यांनी स्वतः मला शिकवलंय." माझा डाव हातातच राहिला. स्वतः शिकवलंय? अगं, ते तिखलं मला कोणी शिकवलं नाही. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, त्रिफळं किती, कधी ठेचली, चिंचेचा कोळ आधी की नंतर, असं वर्षानुवर्षं डोळ्यांनी चोरलंय. मी कान देऊन ऐकत होते, आता आई म्हणतील, 'खोटी आसा ती.' चकार शब्द नाही. मी फोन उचलला आणि हॉटस्पॉट बंद केला.

"दर्शना, गेला गो. नुसता चाक फिरता."

"टॉवरचं काम काढलंय, आई. चार दिवस तरी नेट नाही म्हणे."

किती गार वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी भाजीला, दळणाला जायची वेळ नेमकी बाराचीच काढली, म्हणजे हाक ऐकायलाच नको. गुरुवारी पिशवी विसरले म्हणून परत आले, तर खाट रिकामी.

या बाईला संडासला जायचं तर भिंत धरावी लागते, मग गेली कुठे? शोधत तिसऱ्या दारापर्यंत गेले. तिथे पद्मजा राहते, तिच्याकडे वायफाय आहे. आई तिच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसल्या होत्या, हातात मोबाईल. मी मागून गेले ते चांगलं झापायलाच. 'माझ्या हातचं गोड लागत नाही, आणि जावेसाठी गुडघे फोडून घेताय?' एवढं वाक्य तयार होतं जिभेवर.

ते जिभेवरच राहिलं. आईंनी डाव्या हाताचा पंजा स्क्रीनवर ठेवला होता, बरोब्बर दिशाच्या तोंडावर. दिशा दिसतच नव्हती. उघडा होता तो उजवीकडचा कोपरा, तिथे फ्रिजचं एक दार. आई त्या दाराकडे टक लावून बसल्या होत्या. दिशा तिकडे कढीपत्त्याचं पुराण सांगत होती, तिचं यांना काही पडलेलं नव्हतं. आणि मग घरच्या टी-शर्टमध्ये नितेश आला. घरून काम करतो ना तो. फ्रिज उघडला, बाटली काढली, पाणी प्याला, गेला. पाच सेकंद असतील.

"अजून मेलो उभ्यान पाणी पिता," आई स्वतःशीच म्हणाल्या. "बारीक झालो हा." आणि लाईव्ह अर्धंसुद्धा झालं नव्हतं, तरी त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

पद्मजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तीन दिवस हेच चाललंय गं. तो दिसला की उठतात. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला वाटत होतं मी दिशावर जळतेय. जळायला एक हक्काची जाऊ होती, तीही हातची गेली. माझा नवरा श्यामसुंदर रोज संध्याकाळी याच खाटेशी आईंच्या समोर बसून तांब्याभर पाणी पितो. त्याच्याकडे आईंनी असं कधी बघितलं? आणि माझ्याकडे? मला त्या फ्रिजच्या दाराचाच हेवा वाटायला लागला, काय सांगू तुम्हाला.

शुक्रवारी मी न बोलावता हॉटस्पॉट जोडला आणि पोळ्या टाकून आईंच्या शेजारी बसले. तर नशीब बघा, दिशाने नवा स्टँड आणला होता. फोनचं तोंड फिरलं होतं, फ्रिज गायब! मागे नुसती खिडकी आणि मनी प्लांट. आई तासभर पंजा ठेवून त्या मनी प्लांटकडे बघत राहिल्या. शनिवारी तेच. मोबाईल परत देताना म्हणाल्या, "आता नको जोडू गो." दुपारी ताट तसंच सरकवलं.

"नितेशला फोन लावू का?" मी विचारलं.

"लावलंस तर माझ्याशी गाठ आसा."

दिशाला गुपचूप सांगावं, तर ती दुसऱ्या दिवशी तेच लाईव्हवर सांगणार, 'माझ्या सासूबाई आमच्यासाठी रडतात.' आणि मग आईंना तोंड लपवायला जागा उरली नसती. त्यांच्याकडे उरलाय तो ताठाच, तोही काढून घेऊ?

सोमवारी मी त्यांचं ऐकलं नाही, मोबाईल जोडून त्यांच्या हातात दिला. मग माझ्या फोनवर तेच लाईव्ह उघडलं आणि आयुष्यातली पहिली कमेंट लिहिली. 'फ्रिज दिसू दे ना.'

दिशा किंचाळलीच. "अय्या, आमच्या मोठ्या जाऊबाई आल्यात! पण वैनी, फ्रिज कशाला?"

तीनशे माणसं बघत होती. त्यात गावची भावकी, माझ्या माहेरचे, आमच्या बिल्डिंगमधल्या बायका. आईंना वाचता येत नाही, ते एक बरं होतं. मी लिहिलं, 'एवढा मोठा फ्रिज माझ्याकडे नाही. मला जळायचंय. लाईव्ह संपेपर्यंत समोर ठेव.'

हसणारी तोंडं नुसती धो धो आली. दिशाला तर आभाळ ठेंगणं झालं! "घ्या वैनी, मनसोक्त जळा!" म्हणत तिने स्टँड फिरवला, फ्रिज पुसला, दोन्ही दारं उघडून दाखवली. आई पुढे सरकल्या. दहा मिनिटांनी नितेश आला, बाटली काढली, उभ्यानेच प्याला.

"इलो," आई म्हणाल्या. दुपारी दीड भाकरी जेवल्या. कशी झाली ते काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत कणकवलीहून चार फोन आले. पद्मजाही दारातून ओरडली, "काय गं दर्शना, जावेच्या फ्रिजवर जळतेस?"

"हो, जळते," मी म्हटलं. त्यात खोटं काय होतं?