माझ्या ओट्याचे चार फूट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी विडीसुद्धा लपत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, मला मत देणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तेवढाही धीर यायला किती वर्षं गेली.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी तीन वेळा नगरसेवक झालो. वॉर्डात पाइपलाइन आणली, नाल्या बांधल्या, खांबांवर दिवे लावले, निराधार म्हाताऱ्यांचे पगार सुरू करून दिले. कोणाच्या घरी मयत झाली की चटई टाकायला मी पहिला. हे सगळं खरं आहे. खोटं एकच आहे — पण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मग ते काढू कसं?

लोक मला रस्तेवाले भाऊ म्हणतात. आमच्या गल्लीत पूर्वी दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला चौकापर्यंत मागं जावं लागायचं. नगरपरिषदेत भांडभांडून मी रस्ता रुंद करायचं काम मंजूर करून आणलं. रस्त्याच्या एका बाजूला माझं घर, पुढं चार फुटांचा ओटा. लोक गाऱ्हाणी घेऊन तिथंच बसत. बरोबर समोर शब्बीरभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार कोणी आणली की ते आतली तार सोडून नवी गुंडाळून देत. पार तेलगावपासून शेतकरी यायचे, एवढा त्यांचा हात चांगला.

आमच्याकडे मोजणीची एक रीत आहे. इंजिनियर रस्त्याच्या मधोमध खिळा ठोकतो, तिथून दोन्ही बाजूंना टेप ओढतात, आणि खिळ्यावर टेपचं टोक धरायचं ते नगरसेवकानं. का? तर साहेबावर लोकांचा भरवसा नसतो, आपल्या माणसावर असतो. मग भांडणं होत नाहीत.

त्या दिवशी टोक माझ्या हातात होतं. हिशोबानं दोघांचे चार-चार फूट जाणार होते — माझा ओटा, आणि समोर दुकानाचा पुढचा भाग. ओट्याला मी नवी फरशी बसवली होती. हे काय कारण झालं? नाही झालं. पण तेव्हा डोक्यात फरशीच होती. इंजिनियर भिंतीपाशी वहीत डोकं घालून उभा. मी — कसं सांगू — मी चपलेनं खिळ्यावर माती ओढली, आणि चार फूट पलीकडं, शब्बीरभाईंच्या बाजूला जाऊन टोक जमिनीला टेकवलं.

ते दारातच होते. त्यांनी पाहिलं नसेल? नाही पाहिलं. मोजणीकडं त्यांचं लक्षच नव्हतं, आम्हा सगळ्यांसाठी ते चहा सांगत होते.

माझं काहीच गेलं नाही. त्यांचे आठ फूट गेले. राहिली एवढीशी जागा, की मोटार आत ठेवली तर माणूस बाहेर. लोक विचारायला आले तेव्हा मी दुसरं पाप केलं. म्हणालो, नकाशा वरूनच तसा आला, मी शब्बीरभाईंसाठी साहेबाशी लई भांडलो, त्यानं ऐकलं नाही. तोवर इंजिनियरची बदली झाली होती. त्या बिचाऱ्याला आमची गल्ली अजून शिव्या देते.

शब्बीरभाई एवढंच म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. तुमी माझ्यासाठी भांडले, ते काय कमी हाय?"

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं. मी काय केलं? त्यांना कामाला माझ्या ओट्यावर जागा दिली. गावभर वाहवा झाली. आवळा देऊन कोहळा काढला मी — त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत शब्बीरभाई आपल्या मोहल्ल्यात दारोदार फिरून माझ्यासाठी मतं मागत.

नऊ वर्षं ते तिथं बसले. सकाळी दार उघडलं की समोर त्यांची पाठ. चाहूल लागली की मान न वळवताच सलाम. त्यांना उठवता येईना, त्यांच्यासमोर बसवेना. राजकारण सोडतो म्हटलं, तर समजूत घालायला तेच आले. मागच्या दारानं ये-जा सुरू केली, तर बायको म्हणाली, "स्वतःच्या घरात चोरावानी कावून फिरता?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोललो तर काय होईल, हे मी रोज मनात पाहायचो. आणि भीती त्यांच्या रागाची नव्हती. माझं नाव जाईल, याची होती. एवढी हलकी भीती.

यंदा त्यांची नजर कमी झाली, बारीक तार दिसेना. युसूफ वडगाव या गावी लेकीकडं राहायला जायचं त्यांनी ठरवलं. जाण्याआधी आले आणि म्हणाले, "ती टीचभर जागा इकून काय येनार? तिथं पानपोई बांधतो. तुमचं नाव देतो." जिभेपर्यंत आलं होतं माझ्या. खरंच आलं होतं. आणि मी म्हणालो, माझं कशाला, तुमच्या अब्बांचं नाव द्या. तर ते गल्लीभर सांगत सुटले — बघा, भाऊला नावाची हाव न्हाई.

पाटी माझ्याच नावाची लागली. शुक्रवारी नमाजनंतर गल्ली जमली. शब्बीरभाईंनी हार घातला, मी फीत कापली, चार शब्द बोललो, बोलताना कुठं अडखळलोही नाही. मग त्यांनी माठातून पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. सगळा प्यायलो.